मगरीच्या शेजारी स्विमिंग!

स्विमिंग म्हटलं की तुमच्या-माझ्या डोळ्यांसमोर काय येतं? निळ्या टाइल्सचा पूल, डोळ्यांना झोंबणारं क्लोरीन, सकाळी सहा ते सातची बॅच आणि टोपी विसरलात तर शिट्टी फुंकणारा कोच. फार तर वीकेंडला एखाद्या रिसॉर्टचा वेव्ह पूल. पाण्यात माणसांशिवाय दुसरं कुणी नसणार, याची गॅरंटी मिळावी म्हणून तर आपण महिन्याची फी भरतो!

आता एक वेगळा पूल इमॅजिन करा. पाणी जमिनीच्या पोटातून वर येतंय. दिवसाला वीस कोटी गॅलनहून जास्त. हीटर नाही, कूलर नाही, तरी बारा महिने टेंपरेचर २१ डिग्रीच्या आसपास. काठाला सायप्रसची उंच झाडं, त्यांच्या फांद्यांवरून म्हाताऱ्याच्या दाढीसारखं लोंबणारं करडं शेवाळ. पाण्यात मासे, कासवं, हत्तीच्या पिल्लाएवढे मॅनेटी. आणि मगरी. खऱ्या, जिवंत, मोकळ्या.

पोहणारी माणसं आणि मगरी यांच्यामध्ये भिंत नाही, जाळी नाही. तरंगत्या गोळ्यांचा एक दोर आहे. बस्स.

या जागेचं नाव वाकुला स्प्रिंग्ज. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याची राजधानी टॅलाहासी, तिच्या दक्षिणेला साधारण २५ किलोमीटरवर. ‘वाकुला’ हे आपलं स्पेलिंग वाचून केलेलं. तिथली माणसं ‘वकला’ असं काहीतरी म्हणतात. माझी मावसबहीण टॅलाहासीत राहते. राज्य सरकारच्या खात्यांची आयटीची कामं तिथे भरपूर, त्यामुळे आपली मंडळीही बरीच आहेत. मार्चमध्ये मी तिच्याकडे गेले, तेव्हा पहिल्याच शनिवारी ताईने फर्मान काढलं, ‘‘डिस्नेबिस्ने विसर. उद्या पोहायला जायचं.’’

मी म्हटलं, ‘‘मगरी आहेत ना गं तिथे?’’

‘‘आहेत की. म्हणून तर नेतेय.’’

इथे एक खुलासा केला पाहिजे. मी सांगलीची आहे.

सांगलीच्या माणसाला मगर डिस्कव्हरी चॅनलवर बघावी लागत नाही. कृष्णेच्या काठावर सांगलीपासून भिलवडी-औदुंबरपर्यंत मगरी आहेत. नदीला पाणी कमी झालं की त्या वाळूवर ऊन खात पडलेल्या दिसतात आणि पेपरात फोटो येतो. कधीकधी फोटोऐवजी बातमी येते, तीही वाईट. माझे बाबा माई घाटावर पोहायला शिकले, या काठावरून त्या काठावर जायचे. मला मात्र त्यांनी घाटाच्या शेवटच्या पायरीच्या पुढे कधी पाऊल टाकू दिलं नाही. मी पोहायला शिकले ते पुण्यात, कॉलेजात असताना, क्लोरीनच्या पाण्यात.

आमच्याकडे दूध घालायला यायचे त्या मामांचा डावा हात कोपराखाली वाकडा होता. नदीवर म्हैस धुताना मगरीने धरला होता. म्हशीने उसळी मारली, गडबडीत हात सुटला आणि मामा वाचले. आम्ही पोरं त्यांना पुन्हा पुन्हा ती गोष्ट सांगायला लावायचो. मामा दरवेळी शेवट एकच करायचे, ‘‘तिला भूक लागलीती, मला म्हस धुयाची हुती. कुणाची चूक न्हाई त्यात.’’ मला तेव्हा ते वाक्य अजिबात कळायचं नाही. एवढा हात गेला आणि चूक कुणाचीच नाही?

तर असा बॅकग्राउंड घेऊन मी रविवारी सकाळी ताई, दाजी आणि माझ्या सात वर्षांच्या भाचीबरोबर गाडीत बसले. स्विमिंग कॉस्च्यूम बॅगेत होता. घालायचा की नाही, हे ठरवलं नव्हतं.

वाकुलात पहिली मगर पाण्याबाहेरच भेटते. काठावर १९३७ साली बांधलेलं स्पॅनिश स्टाइलचं एक लॉज आहे. एडवर्ड बॉल नावाच्या धनाढ्य फायनान्सरने ते बांधलं. फक्त २७ खोल्या, संगमरवरी फरशी, रंगवलेल्या तुळया आणि आइस्क्रीम सोड्याचं एक लांबलचक संगमरवरी काउंटर. त्या लॉजमध्ये काचेच्या पेटीत ‘ओल्ड जो’ पडलाय. सव्वाअकरा फुटांच्या आसपासचा अ‍ॅलिगेटर. तो वर्षानुवर्षं पोहण्याच्या काठासमोर पडून असायचा आणि त्याने कधी कुणाला त्रास दिला नाही, असं सांगतात. १९६६ साली रात्री कुणीतरी त्याला गोळी घालून मारलं. बॉलने बक्षीस जाहीर केलं, पण मारेकरी कधीच सापडला नाही.

मी पेटीसमोर बराच वेळ उभी होते. अ‍ॅलिगेटर म्हणजे आपल्या मगरीची लांबची चुलत बहीण. फरक बघायचा तर तोंड मिटल्यावर बघा. आपल्या मगरीचे खालचे मोठे दात तोंड मिटल्यावरही बाहेर दिसतात, हिचे आत दडतात. त्यामुळे ही जरा जास्त सभ्य वाटते. पण वाटण्यावर जाऊ नका. याच जागी १९८७ साली पोहण्याची हद्द ओलांडून पुढे गेलेल्या एका तरुणाचा अ‍ॅलिगेटरने जीव घेतला. हा दोर शोभेचा नाही.

पोहण्याआधी बोटीची फेरी घ्यायची, असा ताईचा शिरस्ता. ‘‘शेजारी कोण राहतं ते आधी बघून घ्यावं,’’ असं तिचं म्हणणं. मला हे एकदम पटलं.

बोट नदीत शिरली आणि पुढचा पाऊण तास मी कॅमेरा खाली ठेवला नाही. ओंडक्यावर एकाला एक चिकटून कासवांची रांग, ट्रॅफिक जाममधल्या रिक्षांसारखी. पंख पसरून वाळवत बसलेला अ‍ॅनहिंगा, म्हणजे आपल्याकडच्या सर्पपक्ष्याचा अमेरिकन भाऊ. बगळे किती प्रकारचे, ते मोजायचं मी सोडून दिलं. आणि दर दोन-तीन वळणांवर एक अ‍ॅलिगेटर. काही चार फुटी, काही बोटीतल्या सगळ्यांचं बोलणं बंद करतील असे. एकीच्या आसपास पिवळ्या पट्ट्यांची पिल्लं. फ्लोरिडात मिळून साधारण तेरा लाख अ‍ॅलिगेटर आहेत म्हणे! १९६७ साली हाच प्राणी नामशेष होण्याच्या यादीत टाकावा लागला होता, इतकी त्याची कातड्यासाठी शिकार झाली होती. संरक्षण मिळालं, संख्या वाढली आणि १९८७ मध्ये तो यादीतून बाहेर आला.

गाइडने एक गोष्ट ठासून सांगितली. यांना खायला घालू नका. कायद्याने गुन्हा आहेच, पण कारण साधं आहे. जंगली अ‍ॅलिगेटर माणसाला टाळतो. तुम्ही त्याला ब्रेड टाकलात की माणूस म्हणजे जेवण, हे त्याच्या डोक्यात बसतं. मग तो जवळ येतो, तक्रार होते आणि शेवटी त्यालाच मारावं लागतं.

ही जागा सिनेमावाल्यांनाही भुलली होती. १९४१ चा टारझनपट ‘टारझन्स सिक्रेट ट्रेझर’ इथे शूट झाला. १९५४ च्या ‘क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून’मधले पाण्याखालचे सीन्सही इथलेच. तेव्हा पाणी काचेसारखं होतं. इतकं, की काचेच्या तळाच्या बोटीतून लोक खोलवरचा उगम बघायचे. तळाशी सापडलेला मॅस्टोडॉन या हत्तीच्या प्राचीन भाऊबंदाचा सांगाडा १९३० साली वर काढला. आज तो टॅलाहासीच्या म्युझियममध्ये उभा आहे.

‘‘मग आपली बोट काचेची का नाही?’’ भाचीने विचारलं.

गाइड हसला. म्हणाला, इथे टॅलाहासीहून कोण कोण आलंय? ताई आणि दाजींसकट सात-आठ हात वर झाले. मग तुम्ही या झऱ्याच्या डोक्यावर राहता, तो म्हणाला. आणि मग त्याने जे सांगितलं, त्यासाठी हा लेख लिहितेय.

आपला सह्याद्री काळ्या पाषाणाचा. पाऊस पडला की पाणी वरून धावतं, ओढे-धबधबे होतात. इथली जमीन चुनखडीची. पावसाचं किंचित आम्लधर्मी पाणी हजारो वर्षं हा दगड विरघळवत राहिलं आणि जमिनीखाली बोगद्यांचं जाळं तयार झालं. २००७ साली दोन डायव्हर दूरच्या एका खड्ड्यातून पाण्यात उतरले आणि सुमारे ११ किलोमीटर भुयारातून, शंभराच्या आसपास मीटर खोलीवरून, या झऱ्यातून वर आले! म्हणजे टॅलाहासीच्या बाजूला जमिनीत जे मुरतं, ते गाळलं-बिळलं न जाता थेट पाइपलाइनने इथे पोचतं.

टॅलाहासी शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी अनेक वर्षं दक्षिणेकडच्या शेतांवर फवारलं जायचं. २००६ च्या सुमाराला शास्त्रज्ञांनी तिथल्या विहिरींमध्ये रंग सोडला. काही आठवड्यांत तो रंग वाकुलात निघाला. त्या पाण्याबरोबर नायट्रेट यायचं, म्हणजे वनस्पतींसाठी आयतं खत. १९९७ साली झऱ्यात हायड्रिला सापडली आणि खतावर फोफावली.

हायड्रिला! हे नाव ऐकताच मी खुर्चीत ताठ बसले. आठवतेय? शाळेतला प्रकाशसंश्लेषणाचा प्रयोग, बीकरमध्ये उपडं नरसाळं, त्याच्या आत हायड्रिला आणि वर जाणारे ऑक्सिजनचे बुडबुडे. परीक्षेत आकृती काढून आपण मार्क मिळवलेत. आपल्याकडच्या तळ्यांमध्ये सर्रास दिसणारी ही वनस्पती १९५० च्या दशकात फिश टँकच्या धंद्यातून फ्लोरिडात आली आणि तिथे व्हिलन झाली. इथल्या अ‍ॅपल स्नेल गोगलगायी नाहीशा झाल्या आणि त्यांच्यावर जगणारा लिम्पकिन नावाचा तपकिरी पक्षी, जो एकेकाळी या नदीची ओळख होता, तोही गेला. हायड्रिलावर औषधं मारली गेली. शेवटी ती उरकली मॅनेटींनी. हिवाळ्यात उबेला येऊन त्यांनी ती अक्षरशः चरून संपवली.

शहराने गेल्या दशकात कोट्यवधी डॉलर खर्चून सांडपाण्याचा प्रकल्प सुधारला आणि नायट्रेट बरंच उतरलं. तरी पाणी पूर्वीसारखं नाही. कधी जंगलातल्या पाल्याचा चहासारखा रंग, कधी हिरवट झाक. काचेच्या बोटी पाणी पुरेसं नितळ असेल तरच निघतात, म्हणजे क्वचित. आणि नायट्रेटचा मोठा वाटा आता येतो घरोघरच्या सेप्टिक टँकमधून.

ताई आणि दाजींनी एकमेकांकडे पाहिलं, ते मी पाहिलं. त्यांनी दोन वर्षांपूर्वी घर घेतलंय. शहराच्या दक्षिणेला, झाडीत, मागे हरणं येतात असं. आणि मागच्या अंगणात, गवताखाली, सेप्टिक टँक.

बोटीतून उतरल्यावर भाची सरळ पाण्याकडे पळाली. मी कपडे बदलून काठावर उभी. भाचीने दोराच्या अलीकडून हाक मारली, ‘‘मावशी, इट्स ओके! ते तिकडे असतात, आपण इकडे!’’ सात वर्षांच्या पोरीला जे एका वाक्यात कळलं होतं, ते मला सांगलीत कुणी शिकवलं नव्हतं. आमच्याकडे दोनच ऑप्शन होते, उडी मारायची नाहीतर घाबरायचं.

मी उतरले. पाणी असलं गार, की पहिल्या दोन मिनिटांत मगरीचा विचारही सुचला नाही! काठाशी कंबरभर, मग पायाखालची वाळू हळूच सुटते आणि खाली निळं-हिरवं काहीतरी सुरू होतं. उगमाच्या तोंडाशी खोली शंभर फुटांच्या कितीतरी वर आहे. मी गॉगल लावून डोकं आत घातलं. चंदेरी मुलेट माशांचा थवा वळला. मला वाटलं होतं, मी दर सेकंदाला दोराकडे बघत बसेन. बघत होतेच. पण दहा मिनिटांनी लक्षात आलं, की हात-पाय आपापलं काम करतायत.

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, ‘‘मॅनेटी!’’ सगळे जागच्या जागी थांबले. माझ्यापासून पंधरा-वीस फुटांवर एक करडा, ओबडधोबड आकार दोराखालून अलगद आत आला. मागे त्याचं पिल्लू. त्याने नाक वर काढून फुस्स करून श्वास घेतला. कुणी त्याच्याकडे गेलं नाही, हात लावला नाही. तसं करणं कायद्याने बंद आहे. आम्ही वीस-पंचवीस माणसं पाण्यात उभ्याने पाय हलवत, श्वास रोखून, त्यांना वाट देत होतो. एखाद्या गल्लीत पालखी आली की आपण भिंतीला टेकतो ना, तसं. मायलेकरं एक चक्कर मारून गेली. माझे दात वाजत होते. थंडीने की कशाने, कुणास ठाऊक.

हे प्राणी इतके निवांत दिसतात म्हणून सगळं आलबेल आहे असं समजू नका. २०२१ या एका वर्षात फ्लोरिडात अकराशेवर मॅनेटी मेले. पूर्व किनाऱ्यावरच्या इंडियन रिव्हर लगूनमध्ये सांडपाण्याने आणि खतांनी पाणी गढूळ झालं, समुद्री गवत मेलं, आणि गवत खाणारे उपाशी मेले.

रात्री ताईकडे पिठलं-भात होता. जेवताना विषय निघणारच होता. सेप्टिक टँक बदलून नायट्रोजन काढणारी सिस्टिम बसवायची तर काही हजार डॉलर लागतात. सरकारी मदत मिळते, पण सगळी नाही.

दाजी म्हणाले, ‘‘हे बघ, ग्रीन कार्डची रांग अशी, की आपला नंबर लागेपर्यंत पोरगी कॉलेज संपवेल. उद्या नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधा, नाहीतर बॅगा भरा. हे घर आपलं राहील का, ते माहीत नाही. त्यांच्या झऱ्यासाठी आपण पैसे घालायचे?’’

प्रश्न चुकीचा नव्हता. दाजी कंजूष नाहीत, दुष्ट तर अजिबात नाहीत. तिथल्या कितीतरी भारतीय घरांत हाच हिशोब मांडला जात असेल. ताई शांतपणे भात कालवत म्हणाली, ‘‘झरा त्यांचा. पण फ्लश आपला आहे ना?’’

दाजी काही बोलले नाहीत. मीही नाही. मला शेरीनाला आठवत होता. सांगलीचं सांडपाणी शेरीनाल्यातून कृष्णेत जातं, ही बातमी मी शाळेत असल्यापासून वाचत आलेय. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ नदीत मेलेल्या माशांचा खच पडला, तेव्हा मी पुण्यात बसून ते फोटो फॉरवर्ड केले होते. माझ्या नदीत माझा व्हिसा संपत नाही. तिथे मला कुणी साठ दिवसांची मुदत दिलेली नाही. आणि मगर? मासे मेल्यावर तिने कुठे जायचं, काय खायचं? घाटाकडेच ना यायचं?

दूधवाल्या मामांचं वाक्य मला त्या रात्री थोडं कळलं. तिला भूक होती, त्यांना म्हैस धुवायची होती, नदी दोघांची होती. तिने इकडे यावं की नाही आणि त्यांनी तिकडे जावं की नाही, हे ठरवणारा एक दोर तेवढा कुणी बांधला नव्हता.

परत आल्यावर मी बाबांना वाकुलाचे फोटो दाखवले. दोराचा फोटो झूम करून म्हटलं, ‘‘आपल्या घाटावर असं काही करता नाही येणार?’’

बाबांनी चष्मा वर केला. ‘‘२०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं होतं. कुठला दोर टिकतोय?’’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘‘दर उन्हाळ्यात नवा बांधावा लागेल.’’

ताईचा परवा मेसेज आला. मदतीच्या अनुदानाचा फॉर्म तिने भरलाय, दाजींनी सही केलीय, वेटिंग लिस्ट मोठी आहे. आणि भाचीने पोहतानाचा नवीन व्हिडिओ पाठवलाय. पाणी त्या दिवशी जरा जास्तच हिरवं दिसतंय.